एका सेकंदातला खळगा

४ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या वाढदिवसाला अजून पाच महिने आहेत, तरी पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. आई ठीक आहे. कान गेलेत, पण जीभ शाबूत आहे. परवा दूधवाल्याला म्हणाली, तू हल्ली हळू बोलतोस, तब्येत दाखवून घे.

एकच विचारायचंय. बाबांचा कॅमेरा तू विकलास का? विकला असशील तर कधी आणि कुणाला?

काल दुपारी दुकानात एक माणूस आला. पन्नाशीचा, गुडघ्यापर्यंत चिखलाचे वाळलेले डाग, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून टॉवेल निघाला आणि टॉवेलातून कॅमेरा. "याचे स्पीड तपासून द्या, विकायचाय," म्हणाला. कुठून आणला विचारलं तर म्हणाला, घरातलाच आहे. मी उलटसुलट करून पाहिला आणि पटकन काउंटरवर ठेवला. वरच्या पट्टीवर चार स्क्रू, त्यातला एक पितळी. मूळचा स्क्रू मी सात वर्षांची असताना फरशीच्या फटीत घालवला होता आणि बाबांनी मला दिवसभर भिंग देऊन फरशीवर बसवलं होतं. आठवतं ना?

त्या माणसाला मी काही बोलले नाही. पावती फाडली, आठवड्यानं या म्हणाले.

तू घर सोडलंस त्या दिवसापासून तो कॅमेरा फळीवर नव्हता. बाबा एवढंच म्हणाले, "जाताना तेवढंच नेलं." मग त्यांनी ती फळीच काढून टाकली. तेव्हा तू विकला असशील तर त्यात काही गैर नाही. एकोणीस वर्षांचा होतास, पोटाला काहीतरी हवंच होतं. मी फक्त विचारतेय.

आणि दर वर्षी लिहिते तेच पुन्हा लिहिते. आपल्या शेंडेफळाचा, भिंगरीचा हात तुझ्या हातून सुटला, पण तू काही मुद्दाम सोडला नव्हतास. पंधरा वर्षांचं पोर होतास तू. आई तुझं नाव काढत नाही, बाबा जाईपर्यंत धुमसत राहिले, पण माझ्या मनात काही नाही. माझ्याकडून तुला माफ आहे.

कॅमेऱ्याचं मात्र कळव.

धाकटी


११ फेब्रुवारी

दादा,

उत्तराची वाट पाहायची सवय नाही, म्हणून लिहून टाकते.

बाबा शटर कानानं तपासायचे, तुला माहीत आहे. एक सेकंदाला लावून कानाशी धरायचे, आतली चाकं कुरकुरत फिरायची, आणि ते म्हणायचे "आळशी झालाय" किंवा "घाईत आहे". माझा कान तेवढा नाही. मी यंत्र ठेवलंय. समोर दिवा, मध्ये कॅमेरा, कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडं आणि फिल्मच्या जागी सेन्सर. शटर उघडलं की उजेड आत येतो, मिटलं की थांबतो. किती वेळ आला ते पडद्यावर येतं, आणि खाली एक रेघही उमटते. उजेड आला की रेघ चढते, सपाट चालते, शटर मिटलं की उतरते. डोंगरावरच्या पठारासारखी. एवढंच.

जुन्या कॅमेऱ्यांत तेल घट्ट होतं. पाचशेचा, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा, वेग साडेतीनशेवर येतो, एक सेकंदाचा दीड होतो, कधी शटर अर्ध्यात अडकून बसतं. बाबांच्या कॅमेऱ्यात यातलं काही नाही. जवळजवळ सगळे वेग बिनचूक. कालच कुणीतरी साफ करून दिल्यासारखा. तीस वर्षांत त्याला कुणी हात लावला असेल तर तो माणूस मला भेटायला आवडेल.

फक्त एक सेकंदाच्या वेगाला रेघ सपाट येत नाही. मध्येच खाली जाते आणि पुन्हा वर येते. खळगा. पहिल्यांदा वाटलं चिलट असेल. दिव्यासमोरून चिलट गेलं तरी असा खळगा पडतो. पुन्हा घेतलं, पुन्हा खळगा. दिवा बदलला, वायर बदलली, पंखा बंद केला, खिडकीला काळं कापड लावलं. त्याच सेन्सरवर दुसरा कॅमेरा लावला तर रेघ अशी सपाट, की पट्टीनं ओढावी. पुन्हा बाबांचा लावला, की खळगा.

सोमवारी तो सेकंदाचा पंचविसावा भाग होता. मंगळवारी दहावा. आज पाचवा.

चिलट एवढं मोठं होत नाही, दादा.

मग मी पुठ्ठ्याची नळी केली, आतून काळी रंगवली, एक टोक दिव्याला घट्ट चिकटवलं आणि दुसरं लेन्सला. आता दिवा आणि लेन्स यांच्यामधून मुंगीसुद्धा जाऊ शकत नव्हती. बटण दाबलं. खळगा तिथंच.

म्हणजे जे काही मधून जात होतं ते खोलीत नव्हतं. ते लेन्सच्या आतल्या बाजूला होतं.

मी कॅमेरा कपाटात ठेवला आणि घरी आले. आई म्हणाली, "आज लवकर?" मी म्हटलं, गिऱ्हाईक नव्हतं. ती म्हणाली, "काय? गिळायला नव्हतं?" आम्ही दोघी हसलो. पण माझं हसू काही खरं नव्हतं.

धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

तो माणूस आज आला. मी कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि पितळी स्क्रूवर बोट टेकवलं.

"हा माझ्या वडिलांचा आहे," म्हटलं. "आता खरं सांगा."

तो भांडेल असं वाटलं होतं. उलट तो बाकावर बसला आणि सुटल्यासारखा म्हणाला, "ताई, मी पाणी उपसणारा माणूस. माझ्या हाती कॅमेरा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. ठेवून घ्या."

"पण मिळाला कुठं?"

"जुन्या दगडाच्या खाणीत. गावाबाहेरची. तिथं गोदाम बांधायचंय, म्हणून दीड महिना पंप लावून बसलोय."

आपली खाण, दादा.

"पाणी चाळीस फूट खाली गेलं तेव्हा कडेला एक कपार उघडी पडली," तो सांगत होता. "माणूस बसेल एवढी. त्यात होता. ठेवल्यासारखा."

"गाळात?"

"गाळ असता तर मीही समजलो असतो. कपार ओली, भिंती ओल्या, वरनं पाणी ठिबकतंय, आणि हा कोरडा. टॉवेल मी घरी आणल्यावर गुंडाळला, तोसुद्धा कोरडाच."

"मग विकायची घाई का?"

तो जरा लाजला. "आठवडाभर घरात ठेवला होता. बायको म्हणाली, घरात कुणीतरी पळतंय. या खोलीतनं त्या खोलीत. आमच्या घरात दोनच खोल्या, पोरं मोठी होऊन गेलेली. दोन दिवस मी तिलाच हसलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, एक तर ते तरी राहील नाही तर मी. आता या वयात दुसरी कुठं शोधू?"

तो हसला, मीही हसले. तो गेल्यावर मी दार लावून घेतलं.

त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. बाबांनी हौसेनं आपल्या सगळ्यांना खाणीच्या काठावर नेलं होतं, मागे पाणी छान दिसतं म्हणून. आमचे दोघींचे नवे फ्रॉक. उजेड उतरला होता, म्हणून त्यांनी एक सेकंद लावला. भिंगरी एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून तिचा हात त्यांनी तुझ्या हातात दिला आणि टायमर लावायला गेले. "हलू नका रे, एक सेकंद हलू नका," म्हणत पळत येऊन आईशेजारी उभे राहिले. टायमरची घरघर, मग शटर उघडल्याचा आवाज, मग मिटल्याचा. आम्ही वळलो आणि भिंगरी नव्हती. पाण्यावर साधा तरंगसुद्धा नव्हता. चार दिवस पाणबुडे उतरले, त्यांनाही काही मिळालं नाही. बाबांनी तो रोल धुतलाच नाही, आठव्या दिवशी अंगणात बसून उन्हात ओढून काढला.

हे सगळं तुला माहीत आहे. का लिहितेय कोण जाणे.

आज खळगा अर्ध्या सेकंदाचा होता. आणि एक राहिलं. तो आधी मधोमध यायचा. आता शेवटाकडे सरकतोय. शटर मिटायच्या बेतात असतं, तरी ते जे काही आहे ते अजून उजेडाच्या आडच असतं.

धाकटी


२७ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं. पोस्टमन गेल्यावर पाकीट हातात धरून मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच, 'क' ला शेपूट.

दोनच ओळी. "विकला नाही. घर सोडलं त्या दिवशी खाणीत फेकला, मधोमध, आणि बुडताना पाहिला. आता याबद्दल विचारू नकोस."

मी विचारत नाही. पण काय झालं ते सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगू?

यंत्र म्हणतं, काहीतरी आहे. काय आहे ते यंत्र सांगत नाही. ते सांगायला फिल्मच लागते. मी कॅमेऱ्यात फिल्म भरली, ट्रायपॉडवर लावला आणि भर दुपारी चार वाजता, काचेच्या दारातून ऊन आत आलेलं असताना, रिकाम्या दुकानाचे फोटो घेतले. कापड लावून उजेड बेताचा केला, वेग एक सेकंद. आठ फोटो, दोन-दोन मिनिटांनी. समोर काउंटर, बाक, गिऱ्हाइकाचं स्टूल, मागे दार. मी कॅमेऱ्याच्या मागे. दुकानात दुसरं कुणी नाही, दाराला आतून कडी.

फिल्म धुतली, सुकवली, भिंगाखाली धरली.

पहिल्या फोटोत दुकान आहे आणि दाराजवळ धूसर असं काहीतरी. माणूस चालताना फोटो काढला की जसा फराटा येतो तसा. दुसऱ्यात तो बाकाजवळ आहे. तिसऱ्यात बाकावर, म्हणजे उंच. चौथ्यात पुन्हा खाली. पाचव्यात दिसत नाही आणि मला हायसं वाटलं. सहाव्यात तो काउंटरच्या अलीकडच्या बाजूला आहे. सातव्यात स्टुलाशेजारी. तिथं मोजता आलं. स्टूल दोन फुटांचं, आणि फराटा त्याच्या वर दीड फूट.

साडेतीन फूट, दादा. आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करायचो. शेवटची केवढ्यावर होती ते तुला सांगायला नको.

आठवा फोटो भरून नुसता फराटा आहे. दुकान दिसतच नाही. लेन्सला नाक लावून उभं राहिलं की येतो तसा.

मी किंचाळले वगैरे नाही. मी आधी काय केलं माहीत आहे? उठून दाराची कडी काढली, आणि दार उघडं धरून उभी राहिले. कुणाला तरी जा म्हणावं तसं. बाहेर रस्त्यावर चावीवाला बसतो, त्यानं विचारलं, "काय ताई, कुणाची वाट बघताय?"

मी म्हटलं, नाही, वारा घेतेय.

तू तेव्हा गप्प बसलास त्याबद्दल मी कधी काही लिहिलं नाही. मला वाटायचं तू विसरलास.

धाकटी


६ मार्च

दादा,

मागच्या पत्राची शेवटची ओळ मी तीनदा खोडून पुन्हा लिहिली होती. तुला कळली असेल. आज उरलेलं लिहिते. फाडून टाकायच्या आत पोस्टात टाकणार आहे.

काही दिवस मी त्या कॅमेऱ्याला हात लावला नाही. दुसरी कामं केली. एक शटर उघडून धुतलं, दोन लेन्सांतली बुरशी काढली. पण एक सेकंद कुठलाही लावला, आतली चाकं कुरकुरायला लागली, की मी श्वास धरून उभी राहते. चौतीस वर्षं हे असंच होतंय. मी कॅमेरे दुरुस्त करते आणि एक सेकंदाला मला घाम फुटतो. बाबांना वाटायचं मी मन लावून ऐकते.

मंगळवारी दुपारी मी ठरवलं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, समोर स्टूल ठेवलं, टायमर ओढला आणि स्टुलावर जाऊन बसले. दोन्ही हात मांडीवर. घरघर सुरू झाली. मी मनात म्हटलं, हलायचं नाही. शटर उघडलं, मिटलं. मला काही जाणवलं नाही. ना गार वारा, ना आवाज. मी शपथेवर सांगेन की मी हलले नाही.

फोटोत माझा चेहरा स्वच्छ आहे. पापणीन् पापणी मोजता येते. उजवा हात स्वच्छ. डावा हात मनगटापासून खाली फराटा झालाय. खाली आणि मागे, कुणीतरी ओढावा तसा. बाही ताणलेली दिसते. आणि शेजारी ती, नेहमीसारखी पुसट, कारण ती उभी राहील तर शपथ.

तिनं तुझा हात ओढला नाही. तुझा हात तिला ओढायचाच नव्हता.

बाबा टायमर लावायला पाठमोरे झाले तेव्हा ती तुझ्या हातातून निसटून माझ्या बाजूला आली होती. दादा हात आवळतो म्हणाली. तिनं माझा डावा हात धरला. तिच्या तोंडात गोळी होती आणि हात चिकट होता, आणि माझा फ्रॉक नवा होता. बाबा पळत आले, "हलू नका" म्हणाले, शटर उघडलं. आणि शटर उघडं असताना मी हात झटकला.

एवढंच. जोरात झटकला, माशी झटकावी तसा.

तिचा पाय मागे गेला. मला कळलं. माझ्या फ्रॉकला तिची बोटं लागली आणि सुटली. मी वळले नाही, दादा. बाबा म्हणाले होते हलू नका. मी समोर बघत राहिले, हसऱ्या तोंडानं, शटर मिटेपर्यंत. लोक म्हणतात एक सेकंद म्हणजे काय. मी रोज मोजते. एका सेकंदात हात धरता येतो.

बाबांनी विचारलं, "कुणाच्या हातात होती ती?" मी म्हटलं, "दादाच्या." तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता बोलशील. तू तोंड उघडलंस आणि मिटलंस.

तीस वर्षं मी तुला दर वाढदिवसाला लिहीत आले की माझ्याकडून तुला माफ आहे. आज ते वाचून दाखवायला कुणी लावलं तर मी तोंड लपवीन.

उत्तर नको पाठवूस. पाठवलंस तर वाचेन.

धाकटी


२३ मार्च

दादा,

तुझं पत्र सोमवारी आलं. पाठ झालंय, तरी इथं उतरवते, म्हणजे मी ते नीट वाचलं की नाही हे तुला कळेल. "मी पाहिलं होतं. तू अकरा वर्षांची होतीस म्हणून बोललो नाही. ते जड गेलं नाही. दर वर्षी तू मला माफ करत राहिलीस ते जड गेलं, म्हणून उत्तर लिहीत नव्हतो. आईला सांग. सांगितल्याशिवाय मला बोलावू नकोस."

सांगितलं. कसं ते सांगते.

त्या आधी पंपवाला येऊन गेला. खाणीचा तळ लागला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "काही नाही ताई. कपारी, फटी, सगळं मी स्वतः उतरून बघितलं. कुणीतरी म्हणालं होतं जुनी गोष्ट आहे म्हणून. नुसता धुतल्यासारखा खडक." जाताना दारात थांबला. "आमच्या घरातलं पळणं थांबलंय," म्हणाला, आणि दुकानात एकदा इकडे, एकदा तिकडे बघून चप्पल घालायलाही न थांबता हातात घेऊनच गेला.

मी घरी आले. दुपारची वेळ, आई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "आई, भिंगरीचा हात माझ्या हातात होता."

"काय?"

"भिंगरीचा हात माझ्या हातात होता. मी झटकला."

"मोठ्यानं बोल. पुटपुटू नकोस."

मी ओरडले. तुला कल्पना नसेल, आपला गुन्हा ओरडून सांगणं म्हणजे काय असतं. खाली इस्त्रीवाल्याचा रेडिओ बंद झाला. समोरच्या खिडकीत कुणीतरी येऊन उभं राहिलं. मी म्हटलं, "मी झटकला! दादानं नाही! मी खोटं बोलले!"

आईनं हातातल्या टॉवेलाची घडी पुरी केली. चौकोनी, कडेला कड. मग म्हणाली, "पहिल्यांदाच ऐकलं होतं मी."

"मग तीनदा कशाला वदवून घेतलंस?"

"चौतीस वर्षं त्यानं ऐकून घेतलं," ती म्हणाली. "तू तीनदा म्हणालीस तर काय झिजलीस?"

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी ताट पुढं केलं की जेवायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मी रडले तेव्हा उठून दुसऱ्या खोलीत गेली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, म्हणाली, "ओरडताना तू फोटोचंही काहीतरी म्हणालीस. आण ते."

मी म्हटल्याचं मला आठवत नाही. पण फोटो आणले. तिनं ते बाबांच्या भिंगाखाली एकेक धरले. घाबरेल, छाती धरेल, असं मला वाटत होतं. ती सातव्या फोटोवर थांबली. मग माझ्या फोटोवर. बराच वेळ. ओठ हलत होते.

"एका जागी म्हणून उभी राहत नाही कार्टी," ती म्हणाली. आणि मग, "आत्ता कुठंय?"

"दुकानात."

"कोण आहे तिथं?"

"कुणी नाही. कुलूप आहे."

आईनं माझ्याकडे तीन दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. "रोज संध्याकाळी तू कुलूप लावून घरी येतेस, आणि ती तिथं एकटी?"

मी फोटो गोळा करायला लागले.

"ऊठ," आई म्हणाली. "चावी घे."

आई सहा वर्षांत जिना उतरली नव्हती. काल उतरली. एकेक पायरी, कठड्याला धरून, माझा हात न घेता. रस्त्यात एकदाही थांबली नाही. दुकान उघडलं, तशी दारातच म्हणाली, "आले गं," आणि आत जाऊन स्टुलावर बसली.

मी सवयीनं दिवा लावला, कॅमेरा बाहेर काढला, सेन्सरची वायर जोडायला घेतली. मला बघायचं होतं. खळगा किती आहे, आई समोर असताना तो कुठं सरकतो. माझ्या हाताला दुसरं काही सुचतच नाही.

"ते बाजूला ठेव," आई म्हणाली. "इतके दिवस पोरीला मोजत बसलीस."

मी ठेवलं.

तिनं उजवा हात स्टुलाच्या कडेनं खाली सोडला, तळवा मागे करून. गर्दीत लहान मूल मागे असलं की आपण धरतो तसा. खूप वेळ काही झालं नाही. रस्त्यावरून माणसं जात होती, चावीवाला कुणाशी तरी घासाघीस करत होता, काचेवर ऊन होतं. आई समोर दाराकडे बघत होती. मग तिची बोटं मिटली. पूर्ण मिटली नाहीत, दादा. मध्ये जागा उरली, लिंबाएवढी. आणि जरा वेळानं तो हात झुलायला लागला. पुढे मागे, थोडासाच. मी तिच्या खांद्याकडे नीट पाहिलं. खांदा हलत नव्हता. झुलवणारी आई नव्हती.

"चिकट आहे," आई म्हणाली. मला नाही, अशीच.

मी भिंतीला टेकून खाली बसले. जवळ जायची माझी हिंमत झाली नाही. आज सकाळीही झालेली नाही. मी हात पुढं केला आणि तिनं धरलाच नाही तर? की धरला तर? दोन्हीची भीती वाटते.

आई घरी यायचं नाव काढत नाही. रात्री तिथंच बाकावर आडवी झाली, मी फरशीवर. सकाळी डॉक्टरांना बोलावलं, ते म्हणाले नाडी चांगली आहे, नेहमीपेक्षा बरी, पण वयाला हे मानवणार नाही. आई म्हणाली, "काय?" त्यांनी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा "काय?" म्हणाली. शेवटी ते गेले.

हे पत्र मी काउंटरवर बसून लिहितेय. मघाशी आईनं विचारलं, कुणाला लिहितेस? मी म्हटलं, दादाला. त्या दिवशी ओरडले ते सोडलं तर तीस वर्षांत तिच्यासमोर मी तुझं नाव पहिल्यांदा घेतलं. हळूच घेतलं होतं. तिला लगेच ऐकू गेलं.

"त्याला लिही," ती म्हणाली, "माझा दुसरा हात रिकामा आहे."

म्हणून लिहितेय. मी तुला न्यायला स्टेशनवर येऊ शकणार नाही, यांना सोडून निघवत नाही. घरी जाऊ नकोस, तिथं कुणी नाही. सरळ दुकानात ये. दिवसा ये. दार आम्ही उघडंच ठेवलंय.

धाकटी